चावडीच्या गादीच्या नऊ खोळी

आमच्या गावचा इतिहास अख्ख्या कोल्हापूर संस्थानात एकाच माणसाला ठाऊक होता, आणि तो माणूस पिंजारी होता. हे वाक्य आज मी सहज लिहितो. पण त्या वेळी असं कुणी म्हटलं असतं तर मला राग आला असता. कारण मी तेव्हा कॉलेजात होतो. आमच्या घरातलाच काय, गावातला मी पहिला कॉलेजात गेलेला, आणि इतिहास हा विषय आता आपल्याकडे आला आहे अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

गाव म्हणजे हातकणंगल्याच्या स्टेशनापासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसावर चार आळ्या, एक वेस, एक चावडी, एक मारुती, एक पीर आणि मंगळवारचा बाजार. या बाजाराच्या जोरावर आम्ही स्वतःला शहर समजत असू. शेजारच्या वाडीवरच्या लोकांना आम्ही खेडवळ म्हणायचो आणि ते बिचारे ऐकून घ्यायचे, कारण मीठमिरचीला त्यांना आमच्याकडेच यावं लागे. अशा गावात पिंजारी चाचा खांद्यावर धनुष्यासारखं पिंजण टाकून दारोदार हिंडत. त्यांच्या दाढीत बारा महिने कापूस अडकलेला असे, त्यामुळे ती पिकली कधी हे गावाला कळलंच नाही. सन, शक, हिजरी यांतलं काहीही ते मानत नसत. त्यांचा काळ गाद्यांवर चाले. रेल्वे आली ती पाटलांच्या थोरलीच्या लग्नाची गादी भरली त्या साली, आणि पहिला प्लेग आला तो तीच गादी दुसऱ्यांदा पिंजली तेव्हा. मला शाळेत घालताना मास्तरांनी जन्माचं साल विचारलं. वडिलांना ते माहीत नव्हतं, म्हणून ते चाचांना घेऊन आले. चाचा मास्तरांना म्हणाले, "ह्येच्या आईच्या म्हायेरची गादी म्या पिंजायला घेतली, तवा ह्यो तिच्यावर नुकता पालथा पडत हुता. लिवा की!" मास्तरांनी ते लिहून घेतलं नाही. अंदाजानं एक साल टाकलं, आणि तेच आजतागायत माझ्या कागदोपत्री चालू आहे.

गादी उसवली की घराच्या पोटातलं काय काय बाहेर येतं. चाचांनी ते कधी कुणाला सांगितलं नाही. माझी चुलती चुलत्यांना चोरून तपकीर ओढायची आणि डबी गादीच्या कोपऱ्यात खुपसून ठेवायची. तिनंच पुढे म्हातारपणी हसत हसत सांगितलं, की गादी पिंजून आली की डबी त्याच कोपऱ्यात सापडायची आणि आत ताजी तपकीर भरलेली असायची.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना दरबारातून चावडीवर कागद आला. बाजार गावातून काढून स्टेशनाजवळ भरवावा असा विचार आहे, गावाचं काही म्हणणं असल्यास साहेब समक्ष येऊन ऐकतील. गाव हबकलंच. तेली, शिंपी, कुंभार, चाचा, सगळे मंगळवारावर जगत होते. बाजार गेला तर आम्हीही वाडी होणार होतो. पंच आमच्या दारात आले आणि वडिलांना म्हणाले, "पोरगं कालेजात शिकतंय न्हवं? लिवू दे त्येला गावाचा इतिहास. असा लिवायला सांग, की सायबानं टोपी काढली पायजे!" वडील त्या दिवशी जेवताना दोनदा हसले. ते सहसा हसत नसत.

मी आठ दिवस लिहीत होतो. बावीस पानं झाली. सुरुवात दंडकारण्यापासून केली. चाचा ओट्यावर आमच्याच उशा पिंजत होते, त्यांना मी पहिली सहा पानं वाचून दाखवली. त्यांनी पिंजण थांबवलं. "झ्याक लिवलंयस. ह्यात आपलं गाव कवा येतंय?"

"चाचा, आधी पार्श्वभूमी लागते."

"लागू दे की. पर तवर सायेब म्हातारा हुईल."

अडाणी माणूस, असं मी मनात म्हटलं. खरंच म्हटलं.

साहेब आले, चावडीतल्या गादीवर बसले. मी बोर्डिंगमधल्या मित्राचा कोट घालून गेलो होतो. त्याच्या बाह्यांतून माझी फक्त बोटं दिसत होती. मी वाचायला लागलो. नवव्या पानावर शिलाहार राजे आले तेव्हा साहेबांनी हात वर केला. "छान. पण बाजार केव्हापासून भरतो?"

मी पानं उलटली. पुन्हा उलटली. बावीस पानांत बाजार हा शब्द नव्हता. दर मंगळवारी ज्यात मी लहानाचा मोठा झालो, त्यालाही इतिहास असतो हे मला सुचलंच नव्हतं. मी म्हणालो, "साहेब, ते... परिशिष्टात येईल." वडील खाली बघत होते.

तेवढ्यात चाचा उठले. "सायेब, जरा उटता का? गादी उसवायची हाय."

पट्टेवाला ओरडला, "ए म्हाताऱ्या, येड लागलं काय?" पण साहेब खरंच उठले. आमच्या गावची एक रीत होती. ज्या गादीवर बसून गावाचा निवाडा होतो, तिची खोळ टाकून द्यायची नाही. फाटली की जुनीवर नवी चढवायची. आणि नवी खोळ शिवायला बाजारात पाल मांडणाऱ्या प्रत्येक कापडवाल्यानं हातभर तुकडा द्यायचा. म्हणून ती गादी उचलायला चार माणसं लागत. चाचांनी भराभर टाके कापले. एकीखाली एक, ठिगळाठिगळांच्या खोळी उलगडत गेल्या.

"ह्यो इचलकरंजीच्या कोष्ट्याचा. ह्यो दिला तवा त्येला ल्योक झालता. ह्यो निपाणीकडचा, लई भांडकुदळ गडी, पर माप चोख. ह्यो रबकवीचा. ह्यो पुन्यांदा आलाच न्हाय, पटकीच्या साथीत गेला." नववी खोळ हातात भुगा होईल अशी होती. "ही माज्या आज्याच्या बी आज्यानं भरली म्हनं. हिच्यात बी समदं बाजारचंच तुकडं. त्या येळंला सायेब, तुमच्या आगगाडीचा आजा बी जल्मला नव्हता!"

साहेब मोठ्यानं हसले आणि खाली वाकून बोटांनी कापड चाचपू लागले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "लिहा हो, कॉलेजवाले." मी लिहिलं. दुसरा कागद नव्हता, म्हणून शिलाहारांच्या पाठीवर लिहिलं. तोच कागद साहेबांनी कोल्हापूरला नेला. महिनाभरात हुकूम आला, बाजार आहे तिथंच राहील. गावानं माझी मिरवणूक काढायचं ठरवलं, आणि मी ती काढू दिली. चाचा मागून हलगीच्या तालावर चालत होते.

त्या दिवशी माझ्या हातून एकतीसच तुकडे लिहून झाले. बाकीचे सवडीनं सांगतो, असं चाचा म्हणाले होते. त्यांना सवड होती. मला परीक्षा होती, मग कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका कचेरीत नोकरी, मग संसार. चाचा गेल्याचं मला दीड महिन्यानं कळलं.

परवा एका मंगळवारी गावी गेलो. वेशीपाशी कुठल्या लांबच्या गावचा एक तरुण पिंजारी बसला होता. हात चांगला चालत होता त्याचा. समोर जुनी गादी उसवून पडली होती. मी विचारलं, "कुणाची रे ही?"

"काय ठावं, पावणं," तो मान वर न करता म्हणाला. "सांजंला येत्याल की न्ह्यायला."

मी पुढे निघालो. बाजार इतका दाटला होता की वाट काढायला बराच वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात मला ओळखणारं कुणी भेटलं नाही. पण पालं मात्र वेशीपासून पिरापर्यंत गेली होती. मी ती मोजायला लागलो, आणि मग नुसता बघत उभा राहिलो.