निरंक बेट

फौजेतलं माझं शेवटचं पोस्टिंग एका किनारी जिल्ह्यात होतं. जिल्हा म्हणायचा, पण जमीन थोडी आणि बेटंच फार. पोहोचल्यावर एका अधिकाऱ्याने ब्रीफिंग दिलं. भिंतीवर रंगीत नकाशा, हातात लेझर पॉइंटर. वस्तीची बेटं हिरवी, निर्जन करडी. करड्यांपुढे 'निल' लिहिलेलं, आपल्याकडे निरंक लिहितात तसं.

नकाशासाठी झालेली माणसांची मोजणी पावसाळ्यातली होती. तेव्हा सगळे मोठ्या बेटावर असतात. पाऊस सरला की कुटुंबंच्या कुटुंबं छोट्या बेटांवर जाऊन राहतात, नारळ उतरवतात, खोबरं वाळवतात. यात गुपित काही नव्हतं. नकाशात मात्र बारा महिने पावसाळाच असायचा.

आमच्या बोटीचं काम रेशन पोहोचवण्याचं. इंजिन लान्स नायक युसूफ तांबोळीकडे. देहूरोडचा, गॅरेजवाल्यांच्या घरातला.

पाऊस सरल्यावर वादळ आलं तेव्हा आम्ही हिरवी बेटं रिकामी केली. दुपारी परतताना एका करड्या बेटावर कोणीतरी लाल साडी हलवताना दिसलं. पाणी झोपड्यांत शिरलं होतं, भरती अजून चढत होती. मी वायरलेस सेटवरून बेसला कळवलं.

"निगेटिव्ह. तिथे पॉप्युलेशन निल. बेसवर परत या. ओव्हर."

युसूफ म्हणाला, "हवालदार साहेब, ते निल साडी हलवतंय."

मी पुन्हा सांगितलं, माणसं आहेत, पोरंही आहेत. पलीकडून मला नकाशा वाचून दाखवण्यात आला.

"साहेब, मी बेटाकडे बघतोय. आउट."

मी सेट ठेवला, बोट वळवली. सगळ्यांना आत घेतलं. निघताना इंजिनाच्या पंख्यात मासेमारीचं जाळं गुंतलं आणि इंजिन बंद पडलं. युसूफ चाकू घेऊन पाण्यात उतरला. जाळं कापून "झालं" म्हणाला. पुढच्या लाटेने त्याला खडकावर आपटलं. आम्ही त्याला वर ओढलं, पण किनारा येईपर्यंत तो गेला होता. साडीवाल्या बाईने ती साडी त्याच्यावर पांघरली.

जिल्ह्याच्या अहवालात या सुटकेचा उल्लेख नाही. निर्जन बेटावरून माणसं वाचवता येत नाहीत. युसूफ 'बोट हाकताना अपघात' होऊन गेला, बस्स. पुढे इकडे देहूरोडला त्याच्या नावाचा फलक लागला. प्रमुख पाहुणे उशिरा आले, शाल-श्रीफळ आधी त्यांनाच मिळालं. भाषणात त्यांनी समुद्राच्या सौंदर्याचं वर्णन केलं. फलकावर त्यांचं नाव युसूफच्या नावापेक्षा मोठं आहे.

मी आता मोशीत राहतो, चाकणच्या एका कंपनीत सिक्युरिटी बघतो. युसूफचा थोरला भाऊ मुश्ताक तो अहवाल वाचून थेट गेटवर आला. 

"भाऊ, तिथं कोण राहतच नव्हतं, तर आमचा युसूफ कुणाला आणायला गेला होता?"

मी त्याला बाकावर बसवलं आणि एकेक करून सांगितलं. कोंबडी काखेत धरलेली म्हातारी. सातव्या महिन्यातली तिची सून. दोघे भाऊ, त्यांच्या बायका, पोरं. एक पोरगी, जाळं गुंतेपर्यंत बोटीत युसूफच्या मांडीवर बसलेली.

"त्या संध्याकाळी बेटावर खरंच कोणी उरलं नव्हतं," मी म्हणालो. "त्यांचा नकाशा खरा केला तो तुमच्या युसूफने."