वाणातली फणी

दुसऱ्या किमोनंतर पत्नीचे केस गेले. त्याच आठवड्यात मी घरातल्या सगळ्या फण्या आणि कंगवे पिशवीत भरून माळ्यावर टाकले. तिच्या नजरेला पडू नयेत, एवढाच हेतू. माझा एक कंगवा स्कूटरच्या डिकीत ठेवला. रोज सकाळी पार्किंगमध्ये स्कूटरच्या आरशात भांग पाडायचा आणि द्वारका चौकातून कामाला जायचं.

माझं काम हिशेबाचं. घरातही तीच सवय. तिचं वजन, पांढऱ्या पेशी, पोटात गेलेली पेज, सगळं तोंडपाठ. नातेवाईक फोनवर विचारायचे, "वहिनी कशा आहेत?" मी आकडे सांगायचो. आकड्यांवर काय बोलावं हे कुणाला सुचत नसे. हळूहळू फोन कमी झाले.

संक्रांत आली. आमच्या इमारतीत सोळा घरं. रथसप्तमीपर्यंत कुणाकडे ना कुणाकडे हळदीकुंकू असतं, आणि घरची बाई स्वतः दारोदार जाऊन बोलावणं करते. यंदा पावलं आमच्या दारापाशी हळू व्हायची आणि पुढे जायची. पत्नी सोफ्यावर बसून ऐकायची. एका संध्याकाळी ती काठपदराची साडी नेसून, डोक्याला रुमाल बांधून बसली.

"कुठे निघालीस?"

"कुठे नाही. कुणी बोलावलं तर तयार असावं."

जेवायच्या वेळेला तिने साडी बदलली.

दुसऱ्या दिवशी समोरच्या काकू दाराशी रांगोळी काढत होत्या. मी बाहेर जाऊन विचारलं, "काकू, शुक्रवारी तुमच्याकडे आहे ना? हिला बोलावणं नाही आलं."

"अहो, तिला गर्दी चालत नाही ना?"

"मास्क लावून थोडा वेळ चालेल, डॉक्टरांना विचारलंय. पेशी ठीक आहेत."

काकू उठल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "खरं सांगू? वाणाला फण्या आणल्यात. मेन रोडला स्वस्त मिळाल्या म्हणून दिवाळीतच घेऊन ठेवल्या. आता तिच्या हातावर फणी कशी ठेवू? आणि तिला एकटीला वेगळं काही द्यावं, तर ते आणखीनच वाईट."

आमचं दार उघडंच होतं. आतून आवाज आला, "काकू, द्या बिनधास्त! केस आले तर वापरीन, नाही आले तर यांच्या मिशा विंचरीन."

काकू दचकल्या, मग पदर तोंडाला लावून हसल्या. "बाई गं! लवकर ये शुक्रवारी. खिडकीजवळची खुर्ची धरून ठेवते तुझ्यासाठी."

शुक्रवारी मी तिला समोरच्या दारापर्यंत सोडलं. पुरुषांचं आत काम नव्हतं. दार लोटलं गेलं आणि मी बायकांच्या चपलांमध्ये उभा राहिलो.

"किती बारीक झालीस गं!" कुणीतरी म्हणालं.

"तुम्हाला हवंय का माझं डाएट?" हा तिचा आवाज.

हशा पिकला. पुढे सगळे आवाज एकमेकांत मिसळले आणि तिचा मला वेगळा काढता येईना. कितीतरी महिने तिचा साधा खोकलासुद्धा आधी मला ऐकू यायचा. मागे माझं घर उघडं होतं, पण आत जाऊन बसावंसं वाटलं नाही.

ती बाहेर आली ती घामाघूम. कपाळाला हळदीकुंकू, एका मुठीत तिळगूळ, दुसऱ्या हातात लाल फणी. घरात येऊन तिने फणी आरशासमोर ठेवली.

"उद्यापासून भांग घरात पाडा. पार्किंगमधलं सगळं खिडकीतून दिसतं."

सकाळी मी आरशासमोर उभा राहिलो. मागे पलंगावर ती बसलेली दिसत होती. मी फणी उचलली तशी तिने मान खिडकीकडे वळवली. मी घाईने भांग पाडला, फणीत अडकलेला एक पांढरा केस काढला, आणि फणी होती तिथेच ठेवली.