जुबेदाभाभींनी न दिलेलं औषध

इम्तियाजचा फोन आला तेव्हा मी दुपारच्या चहाचं आधण ठेवलं होतं. "मावशी, अम्मी गेली," एवढंच तो म्हणाला आणि पुढे त्याला बोलता येईना. दुपारची नमाज झाल्यावर भाभी जरा पाठ टेकते म्हणून आडव्या झाल्या आणि उठल्याच नाहीत. आम्ही दोघं तसेच सांगलीहून कराडला निघालो. पोचलो तेव्हा गल्ली माणसांनी भरली होती. रात्री तिथंच राहिलो आणि सकाळी परतताना कॉलनीच्या ग्रुपवर एक मेसेज आला. भाभींचा कुठल्याशा लग्नातला फोटो, आणि वर लिहिलेलं, 'फणसाच्या अळंबीने कॅन्सर बरा करणाऱ्या कराडच्या जुबेदाभाभी अत्तार यांचे दुःखद निधन.' मी तो ह्यांना वाचून दाखवला. ह्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, कारण तो कॅन्सर ह्यांचाच होता. मेसेज लिहिणाऱ्याच्या मनात आदरच असणार, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण भाभी असत्या तर त्यांनी तो वाचून कपाळाला हात लावला असता. म्हणून आज काही आठवड्यांनी मी हे लिहायला बसले आहे.

आमची ओळख खरं तर भांडणातून व्हायची, पण भांडण झालंच नाही. मी तेव्हा कराडला सरकारी दवाखान्यात नर्स होते. तोंड आलेली, सारखी लाळ गळणारी तान्ही मुलं घेऊन बायका यायच्या आणि त्या मुलांच्या जिभेवर, हिरड्यांवर तपकिरी लेप दिसायचा. काय लावलंय विचारलं की उत्तर एकच, फणसोंबा. अत्तारांच्या भाभींकडून उगाळून आणलाय. फणसाच्या जुन्या खोडावर घोड्याच्या खुराच्या आकाराचं, लाकडासारखं कडक अळंबं वाढतं, तो फणसोंबा. आमच्या भागात पिढ्यान् पिढ्या तो सहाणेवर पाण्यात उगाळून तोंड आलेल्या मुलांना लावतात. मला त्यात फक्त अस्वच्छ पाणी आणि जंतू दिसायचे. एक दिवस ड्यूटी संपल्यावर मी तणतणतच त्यांचं घर गाठलं. पुढं काष्ठौषधींचं दुकान, मागं घर. दुकानात त्यांचे दीर बसत, भाभी मागच्या खोलीत. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मी माझं सगळं बोलून घेतलं. त्यांनी ते शांतपणे ऐकलं, मला पाणी दिलं आणि विचारलं, कुठलं लेकरू बघितल्यावर मी ते हात न लावता तुमच्याकडं पाठवायचं, ते मला सांगा. मी भांडायच्या तयारीनं गेलेली बाई, तिथं बसून ताप कसा बघायचा, टाळू खोल गेली तर काय समजायचं, मूल दूध ओढत नसेल, लघवी करत नसेल तर किती घाई करायची, हे सांगत राहिले. पाणी उकळून घ्यायचं, सहाण प्रत्येक वेळी धुवायची, हेही ठरलं. त्यानंतर त्यांच्याकडून येणारी मुलं वेळेत यायला लागली. आईच्या हातात चिठ्ठी वगैरे काही नसे. "भाभींनी सांगितलंय, आधी हितं दाखवा," असं ती म्हणायची, आणि मला कळायचं की हे पोर आज भरती करावं लागणार.

पुढं मी त्या घरात इतकी रुळले की सुट्टीच्या दिवशी फणसोंबा निवडायलाही बसायचे. पाटणच्या वरच्या वाड्यांमधली माणसं तो पोत्यात घालून आणत. भाभी एकेक तुकडा हातात घेऊन फिरवत, वास घेत, आणि ज्याला फणसाची साल चिकटलेली असेल तोच ठेवत. इतर झाडांवरही तसलीच अळंबी येतात, साल नसली की ओळखणं कठीण, म्हणून बाकीचा माल परत. त्याची पूड करून ठेवली तर काम हलकं होईल, असं मी एकदा सुचवलं होतं. त्यावर त्या म्हणाल्या, पूड झाली की फणसाचं काय आन् बाभळीचं काय, मलाबी कळायचं न्हाई. मी आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना फणसोंब्याबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं होतं की अशा अळंब्यांवर अभ्यास चालू आहेत, पण अजून खात्रीनं सांगण्यासारखं थोडंच आहे. ते मी भाभींना सांगितलं. त्यांना वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "बराबर हाय की. लेकरू दूध प्यायला लागलं का न्हाई, तेवढंच मी बघते."

निवृत्तीनंतर आम्ही सांगलीला घर केलं. हे फौजेतून सुभेदार म्हणून आलेले, मूळचे वडूजकडचे. धडधाकट माणूस, आयुष्यात सर्दीपलीकडं काही नाही. आणि मग दाढी करताना ह्यांच्या हाताला मानेत गाठ लागली. मिरजेला तपासण्या झाल्या. लसिका ग्रंथींचा कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, ह्या प्रकारात उपचार चांगले लागू पडतात, पण केमो लगेच सुरू करायला हवी. हे ऐकून घेऊन घरी आले आणि गप्प झाले. त्याच आठवड्यात ह्यांचा पलटणीतला जुना मित्र भेटायला आला. तो अळंबीच्या कॅप्सूल विकायच्या कुठल्याशा साखळीत शिरला होता. लाल अळंबीचा अर्क, चीनमध्ये हजारो वर्षांपासून वापरतात, प्रतिकारशक्ती वाढते, गाठी विरघळतात, आणि केमोनं माणूस नुसता संपतो, असं त्यानं जीव तोडून सांगितलं. फसवायला आला नव्हता तो. त्याचा स्वतःचा विश्वास होता, आणि त्यामुळंच तो जास्त पटत होता. हे त्या बाटल्यांकडं वळले. अॅडमिशनची तारीख गेली. मी समजावलं, रडले, अबोला धरला. पण जन्मभर दुसऱ्यांच्या नवऱ्यांना सुया टोचणाऱ्या बाईचं तिच्या घरात कोण ऐकतो? शेवटी ह्यांनीच वाट काढली. लहानपणी ह्यांच्या आईनं ह्यांना तोंड आलं म्हणून वडूजहून कराडला, भाभींच्या सासूकडं आणलं होतं. तो फणसोंबा ह्यांना आठवत होता. हे म्हणाले, "अळंबीतलं भाभींना कळतं. त्यांनी ह्या गोळ्या नको म्हटलं तर मी सुई घेतो."

मी फोन केला आणि दुसऱ्या दिवशी भाभी एसटीनं सांगलीत हजर झाल्या. हात-पाय धुऊन ह्यांच्यासमोर बसल्या. ह्यांनी बाटली पुढं केली. त्यांनी एक कॅप्सूल उघडली, पूड तळहातावर घेतली, हुंगली, आणि परत भरायला जमेना म्हणून कागदात बांधून ठेवली. मला वाटलं, आता त्या ह्यांना चांगलं झापतील. त्यांचा आवाज मात्र अगदी खाली आलेला होता.

"भाऊ, ह्यातलं मला काय कळत न्हाई. मला लेकराचं तोंड कळतं, तेबी थोडं. जे कळत न्हाई ते मी कवा कुणाला दिलं न्हाई. तुमाला कसं देऊ?"

हे म्हणाले, "तुमच्या घरात चार पिढ्या झाडपाल्याचं दुकान हाय भाभी. तुमीच असं म्हटल्यावर?"

भाभींनी पुडीचा कागद बाजूला सारला. मग त्यांनी जे सांगितलं ते इतक्या वर्षांत मलाही माहीत नव्हतं. त्यांचे मालक काविळीनं गेले होते. डोळे पिवळे झाल्यावर भाभी रोज दवाखान्यात चला म्हणायच्या आणि ते हसायचे, की आपल्या दुकानात काय कमी आहे का. दुकानातलं एकेक औषध घेत गेले. दवाखान्यात नेलं तेव्हा त्यांना माणसं ओळखू येत नव्हती.

"चार पिढ्यांचं दुकान घरात हुतं म्हणूनच गेले बघा ते," भाभी म्हणाल्या. "तुमच्या घरात तर नर्स हाय."

भाभी जेवून संध्याकाळच्या गाडीनं परत गेल्या. सकाळी हे आंघोळ करून आले आणि मला विचारलं, दवाखान्याच्या पिशवीत काय काय भरायचं... मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले.

दुसऱ्या केमोनंतर ह्यांचं तोंड आलं. जीभ, गाल, घसा, सगळं सोलून निघालं. थुंकी गिळताना माणूस डोळे मिटून घ्यायचा. मी भाभींना सांगितलं आणि त्या पदराखाली डबी घेऊन आल्या. तिच्यात फणसोंब्याचा निवडक तुकडा होता. आता हे मात्र त्यांच्या माहितीतलं दुखणं होतं. तरी त्यांनी सहाण मागितली नाही. आधी डॉक्टरांना विचारू म्हणाल्या. मिरजेच्या तरुण डॉक्टरांनी तुकडा हातात घेऊन कुतूहलानं बघितला, लेकरांना कसा लावता ते विचारून घेतलं आणि म्हणाले, आत्ता नको. ह्यांच्या पांढऱ्या पेशी तळाला गेल्यात, बाहेरचा एखादा जंतू गेला तर झेपायचा नाही. बाजारातली धिंगरी किंवा बटण अळंबी शिजवून भाजी म्हणून खाऊ दे, चांगलं अन्न आहे ते. उगाळून काही नको. मी भाभींकडं बघितलं. इतक्या लांबून आणलेलं, जन्मभर वापरलेलं. त्यांनी डबी मिटली, पदराखाली घेतली आणि डॉक्टरांना विचारलं, "मग पेज चालंल का?" त्या आमच्याकडं मुक्कामाला राहिल्या. तांदळाची पातळ पेज करायची, गार करायची, चमच्यानं द्यायची. तोंड जरा निवल्यावर धिंगरी मऊ शिजवून, घोटून तिचं कढण. हे तोंड फिरवायचे तेव्हा त्या लहान मुलाला रागवावं तसं रागवायच्या. सुभेदार असून घाबरता व्हय, म्हणायच्या. ह्यांचं तोंड आपलं आपणच बरं झालं, पुढच्या केमो झाल्या, आणि अखेरच्या तपासणीत डॉक्टरांनी गाठी गेल्याचं सांगितलं. त्या सगळ्या आजारपणात फणसोंबा ह्यांच्या जिभेला एकदाही लागला नाही.

पण लोकांनी भाभींना आमच्या घरी बघितलं होतं, आणि हे उठून फिरायला लागलेले बघितले होते. त्यांनी दोन्ही जोडून टाकलं. कराडच्या त्या मागच्या खोलीत आता मोठी माणसं यायला लागली, रिपोर्टांच्या पिशव्या घेऊन. कोरेगावहून, वडूजहून, पार कर्नाटकातून. भाभी प्रत्येकाला बसवत, चहा देत, आपल्याकडं औषध नाही असं सांगत आणि माझा नंबर देत. मग मी त्यांना मिरजेला कुठं जायचं ते सांगायची. इम्तियाज वैतागायचा. आलेलं गिऱ्हाईक परत पाठवतेस, म्हणायचा. त्यात एकदा एक तरुण आला. त्याच्या आईला डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं होतं. तो भाभींच्या पायाशी बसला आणि म्हणाला, "काय तरी द्या. खोटं असलं तरी चालंल, तिला सांगायला तरी व्हईल." भाभींनी दिलं नाही. तो जाताना म्हणाला, लय आशेनं आलो हुतो. भाभी त्या दिवशी जेवल्या नाहीत. दुपारी त्यांनी मला फोन केला.

"ताई, त्येला दिलं असतं तर त्या माऊलीचे चार दिवस बरे गेले असते का वं?"

दुखणं कमी करायला डॉक्टर अजून पुष्कळ काही देऊ शकतात, त्याला माझा नंबर द्यायला हवा होता, असं काहीतरी मी म्हणाले. तो थांबलाच नाही, त्या म्हणाल्या. आजही त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं नाही. एवढं मात्र कळतं की नाही म्हणणं त्यांना कधीच सोपं गेलं नाही. तो मुलगा त्यांच्या मनातून शेवटपर्यंत गेला नव्हता.

तिसऱ्या दिवशीच्या जियारतीला, गेलेल्या माणसासाठीच्या प्रार्थनेला, आम्ही पुन्हा कराडला गेलो. बाहेर पुरुषांमध्ये कुणीतरी म्हणालं, भाभींच्या हाताला गुण होता, कॅन्सर बरा केला त्यांनी. हे उठून उभे राहिले. एरवी चारचौघांत न बोलणारा माणूस. "तो कॅन्सरवाला मी," हे म्हणाले. "मला केमोनं बरं केलं. भाभींनी मला केमोला पाठवलं. एवढंच लक्षात ठेवा आन् एवढंच सांगा लोकांना." इम्तियाज भिंतीला टेकून ऐकत होता. पुढं होऊन त्यानं ह्यांचा हात धरला, आणि बराच वेळ सोडला नाही.

गेल्या आठवड्यात मी सहज म्हणून त्या घरी गेले. मागची खोली तशीच आहे. खिडकीखाली सतरंजी, तिच्यावर भाभींची बसायची जागा. घरातलं कुणी तिथं बसत नाही, वळसा घालून जातात. मी असतानाच गल्लीतली एक बाई तान्हं मूल घेऊन आली. तोंड आलंय म्हणाली. भाभींची सून नाजनीन उठली. तिनं मुलाच्या पोटाला हात लावून ताप बघितला, दूध पितं का, लघवी केली का, सगळं विचारलं. सहाण धुतली आणि भिंतीकडेला बसून उगाळायला लागली. मग तिला मुलाच्या जिभेवर नेमकं कुठं झालंय ते दिसेना. त्या खोलीत उजेड खिडकीतूनच काय तो येतो. ती जरा सरकली. मुलानं मान फिरवली तशी अजून सरकली, थेट खिडकीखाली आली, सहाण ओढून घेतली, मूल मांडीवर आडवं घेतलं आणि त्याची हनुवटी उजेडाकडं केली. आपण कुठं येऊन बसलो आहोत हे तिच्या ध्यानात आलं नसावं.