जवसाचं तेल आणि एक सेकंद

आमच्या घरात जवसाच्या तेलाला काही वर्ज्य नव्हतं. मारेगावाकडच्या आमच्या गावी भाकरीवर तेच, चटणीवर तेच, थंडीत फुटलेल्या टाचांनाही तेच. दाराची बिजागरी कुरकुरली की आई कोंबडीचं पीस तेलात बुडवून फिरवायची आणि दार मुकाट्यानं उघडायचं. त्यामुळे बावीस-तेविसाव्या वर्षी मी आर्णीच्या एका शाळेत ड्रिल मास्तर म्हणून लागलो आणि हेडमास्तरांचं स्टॉपवॉच माझ्या हाती आलं, तेव्हा त्याच्यावरही मी तोच प्रयोग केला, यात नवल नाही. नवल पुढे आहे.

विदर्भ मुंबई राज्यात गेल्याला तेव्हा दोनेक वर्षं झाली होती. शाळेचं खेळाचं सामान म्हणजे दोन फुटबॉल, एक शिट्टी आणि रस्सीखेचीचा दोर. स्टॉपवॉच शाळेचं नव्हतंच, ते हेडमास्तरांचं स्वतःचं होतं. त्यांचे वडील कापसाच्या जिनात फिटर होते. तिथला गोरा इंजिनिअर विलायतेला परत जाताना ते त्यांना देऊन गेला होता. इंजिनाचे फेरे मोजायला तो ते वापरायचा. चांदीचं कवच, पाठीवर हाताळून झिजलेली नक्षी, पांढरी तबकडी, तिच्यावर निळा बारीक काटा. वर एकच बटण. एकदा दाबलं की काटा धावायचा, दुसऱ्यांदा दाबलं की थांबायचा, तिसऱ्यांदा शून्यावर यायचा. एका सेकंदात पाच टिकटिक. हेडमास्तरांनी ते दोन्ही हातांनी माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "सांभाळा. माझ्या वडिलांचा जीव होता याच्यावर."

मी सांभाळलं ते असं. बटण थोडं जड वाटलं म्हणून एका संध्याकाळी खोलीवर पाठीमागचं झाकण चाकूनं उघडलं, पिसानं दोन थेंब तेल सोडलं आणि झाकण लावलं. बटण लोण्यासारखं चालायला लागलं. मी स्वतःवर इतका खूश झालो की हे कुणाला सांगितलं नाही याचीच तेवढी तेव्हा हळहळ वाटली.

पुढे महिनाभरानं जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी पोरं निवडायची होती. शंभर यार्डांच्या शर्यतीला मैदानावर चुन्याच्या रेघा मारल्या. आमच्या मॅट्रिकच्या वर्गात जवळच्या तांड्यावरचा एक पोरगा होता, उशिरा शाळेत आलेला, वर्गात सगळ्यांत थोराड. त्याच्या पूर्वजांनी बैलांच्या पाठीवर माल लादून मुलूख पालथा घातला होता आणि तो मात्र एका जागी स्वस्थ बसायचा नाही. तो अनवाणी धावला. मी काटा थांबवला आणि बघत राहिलो. दहा सेकंद आणि दोन पंचमांश! मी ओरडलो, हेडमास्तर धावत आले, आकडा बघून त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. खरं तर त्या दिवशी सगळीच पोरं वाऱ्यासारखी पळाली होती. सावकाराचा ढेरपोट्या मुलगासुद्धा असा वेळ देऊन गेला की मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण आनंदात माणसाला हिशेब सुचत नाही.

त्याच आठवड्यात त्या पोराचा बाप त्याला शाळेतून काढायला आला. त्याचं म्हणणं सरळ होतं. "वाहायले दोन बैल हायेत, अन् हाताखाली माणूस नाही. हा कायले इथं बसून राह्यला?" हेडमास्तरांनी त्याला खुर्ची दिली आणि सांगितलं, "तुमच्या मुलासारखा पळणारा जिल्ह्यात नाही. हा आकडा बघा. याचं नाव होईल. मॅट्रिक होऊ द्या." बापाला आकडा वाचता येत नव्हता, पण हेडमास्तरांचा शब्द कळला. स्पर्धेपर्यंत ठेवतो म्हणाला आणि गेला. म्हणजे त्या पोराची शाळा माझ्या त्या दहा सेकंद दोन पंचमांशावर टांगलेली होती.

मग एका सकाळी सरावाच्या वेळी बटण दाबलं तर काटा हलेना. पुन्हा दाबलं. हलेना. मी चिडलो. माझा स्वभावच तापट. घड्याळ तळहातावर आपटलं, दुसऱ्यांदा आपटलं, आणि तिसऱ्यांदा ते हातातून सुटून मैदानाच्या दगडी रोलरवर पडलं. काच फुटली. कानाशी धरलं तर आत काहीतरी सुटं खुळखुळत होतं.

हेडमास्तरांना सांगितलं, पडलं. त्यांनी ते रुमालात घेतलं, रुमालाची गाठ बांधली. मग म्हणाले, "पडतं. हातातली वस्तू पडतेच. यवतमाळला एक जुने घड्याळजी आहेत, त्यांना दाखवा." माझ्यावर रागावले असते तर बरं झालं असतं.

रविवारी पहिल्या मोटारीनं यवतमाळ गाठलं. बाजाराच्या बोळात, शिंप्याच्या दुकानाला लागून, पूर्वेला तोंड करून एक एवढीशी जागा होती. आत पांढऱ्या दाढीचे चाचा बसले होते. त्यांना सगळे चाचाच म्हणत. ते फक्त सकाळच्या उन्हात बारीक काम करायचे. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, झाकण उघडलं आणि आत बघायच्या आधी वास घेतला.

"मास्तर, इच्यात काय टाकलं?"

"काही नाही. पडलं."

"पडली थे तं दिसते. पडायच्या आधी काय टाकलं?"

चोराच्या मनात चांदणं. त्यांनी चिमट्यानं आतली एक बारीक पट्टी उचलून धरली. तिच्यावर पिवळट, कडक, काचेसारखं काहीतरी चढलं होतं.

"जवस," ते म्हणाले. "सुतार लाकडाले काहून लावते थे तेल? वाळून कडक होते म्हणून. लाकडाले दवा, घडीले जहर." आणि हसले. "तुमी पयले नाही, मास्तर. हप्त्याले एक तरी येते. या मुलखात लोक जवसाच्या तेलानं आपला देव बी पुसतेत."

मी सगळं कबूल केलं. मग त्यांनी मला जवळ ओढलं, भिंग माझ्या डोळ्याला लावलं आणि मी पहिल्यांदा आत पाहिलं. काय सांगू! नुसत्या डोळ्यांना दोन-चार पितळी चकत्या दिसत होत्या तिथं एक अख्खं गाव वसलेलं होतं. चाकांना दात, दातांना धार, स्क्रूच्या निळ्या टोप्या, आणि मधोमध लाल माणकं, डाळिंबाच्या दाण्याचा कण करावा एवढाली. प्रत्येक माणकाला भोक, आणि त्या भोकात फिरायचं टोक. कुणा माणसानं हे हातांनी केलं होतं, माझा आजा रांगत असेल तेव्हा. आणि मी त्यात कोंबडीचं पीस घातलं होतं.

"ही पट्टी पाहा," चाचा म्हणाले. "घडी बंद असते तवा ही चाकाले धरून ठेवते. बटण दाबलं का सोडते. तुमच्या तेलानं ही चिकटली. सोडाले येळ लावे. धराले मात्र नाही, धरणारी कमानी जोरावर हाय."

"म्हणजे?"

"म्हणजे काटा उशिरा सुटे, अन् थांबे बरोबर येळेवर."

"किती उशिरा?"

त्यांनी पट्टी दाबून सोडली, ती रेंगाळत उठली. पुन्हा दाबली. "एक सेकंद समजा. आता जास्त झालं, तवा एखादा असंल."

दहा सेकंद दोन पंचमांशात एक मिळवा. मला सावकाराचा ढेरपोट्या आठवला आणि सगळं लख्ख कळलं. तांड्यावरचा पोरगा चांगला पळायचा, पण जिल्ह्यात त्याच्यासारखे आणखी पाच-सात सापडले असते. मी चाचांना सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी मान हलवली.

"घडी खोटं बोलत नाही, मास्तर. तुमी बोलाले लावलं तिले," एवढं म्हणून ते कामाला लागले.

पडल्यामुळे मधल्या झुलत्या चाकाचा कणा मोडला होता. असा कणा मुंबईलाही मिळाला नसता. चाचांनी शेजारच्या शिंप्याला हाक मारून गोधडी शिवायची एक सुई मागितली. मला वाटलं, काहीतरी टोकरायला असेल. त्यांनी ती तोडली, पितळेच्या भुशावर ठेवून खाली स्पिरिटचा दिवा लावला आणि मला म्हणाले, "रंग पाहा." सुई पिवळसर झाली, मग विटकरी, मग वांग्यासारखी, आणि एका क्षणी मोरपंखी निळी. त्याच क्षणी त्यांनी ती उचलली. मी डोळे मिचकावले असते तर तो क्षण हुकला असता.

मग त्यांनी ती एका हातभर लांबीच्या खरादावर, म्हणजे छोट्याशा लेथवर, बसवली. हा खराद चालायचा बांबूच्या कामटीच्या धनुष्यानं, आणि धनुष्याची दोरी होती घोड्याच्या शेपटीचा एक केस. डाव्या हातानं धनुष्य मागेपुढे, उजव्या हातात पोलादी टोचा. सुईतून धुळीसारखा कीस निघत होता. चाचा श्वास थांबवायचे, आठ-दहा फेरे मारायचे, मग श्वास सोडायचे. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की मीही त्यांच्याबरोबर श्वास थांबवतोय. शेवटी सुईचं टोक केसाहून बारीक झालं. ते त्यांनी ज्वारीच्या धांड्यातल्या पांढऱ्या भेंडात खुपसून पुसलं, तेच भेंड ज्याच्या आम्ही लहानपणी बैलगाड्या करायचो. माणकांची भोकं तुराटीची काडी तासून साफ केली. आमच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, पडलेला कचरा तो, आणि त्याच्यावाचून हे विलायती यंत्र अडलं होतं. मला हात जोडावेसे वाटले, आणि मी जोडलेही. चाचा म्हणाले, "सुई हाय, मास्तर. दुसरं काय हाय?"

दुसऱ्या रविवारी पट्टी साफ करून चाक आणि नवी काच बसवली. चाचांनी बटण दाबलं. काटा क्षणात सुटला, अडखळला नाही, रेंगाळला नाही. सेकंदाला पाच. मी कानाशी धरून बसलो तो उठेचना. परतीच्या मोटारीत रस्त्याकडेच्या दोन झाडांमधला वेळ मोजला, कंडक्टरच्या शिंकेचा मोजला, माझ्या पापणीचाही मोजायचा प्रयत्न केला. सेकंद म्हणजे काहीच नाही, असं मी तोवर समजत होतो. त्यात केवढी जागा असते! एक पोरगा शाळेत राहण्याएवढी जागा असते, हे कळलं आणि गंमत संपली.

गप्प बसणं सोपं होतं. घड्याळ दुरुस्त झालं होतं, चाचा आर्णीला येऊन चुगली करणार नव्हते, आणि खोट्या आकड्यानं का होईना पोरगं शिकत होतं. रात्रभर मी हाच युक्तिवाद घोळवला. सकाळी हेडमास्तरांच्या हातात घड्याळ दिलं. त्यांनी ते कानाशी धरलं आणि त्यांचा चेहरा असा झाला की माझ्या तोंडून सगळं बाहेर पडलं. तेल, पीस, पट्टी, सेकंद.

ते खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, "त्याच्या बापाला मी तुमच्या आकड्यावर शब्द दिला. आता तुम्हीच सांगा."

बाजाराच्या दिवशी बाप आला. मी त्याला मैदानावर नेलं, पोराला पुन्हा पळवलं. अकरा सेकंद आणि दोन पंचमांश. मग माझी चूक सांगितली. तुमचा मुलगा चांगला पळतो, पण आम्ही म्हणालो तसा नाही. एक सेकंद माझ्या तेलाचा होता. पोरगा पायाच्या अंगठ्यानं चुना उकरत उभा होता.

बापानं विचारलं, "एक सेकंद म्हणजे केवढा?"

मी घड्याळ त्याच्या हातात दिलं. त्याच्या तळहातावर ते एखाद्या बोराएवढं दिसत होतं. त्यानं अंगठ्यानं बटण दाबलं, काटा सुटला, तो दचकला. थांबवला. पुन्हा सोडला. लगोलग दोनदा दाबून काटा किती कमी चालतो ते बघायला लागला. दोन पंचमांशाच्या खाली जाईना. कानाशी धरलं, डोळे मिटले.

"हे मोडली होती म्हणता. कोणं जोडली?"

"यवतमाळच्या चाचांनी. गोधडीच्या सुईपासून आतला कणा केला."

"सुईपासून?"

"हो."

"गोधडीच्या सुईपासून?" त्यानं पुन्हा विचारलं, आपल्या पोराकडे बघून. मग त्यांच्या बोलीत पोराला काहीतरी म्हणाला आणि घड्याळ माझ्या हातात परत दिलं, हेडमास्तरांनी दिलं होतं तसंच, दोन्ही हातांनी.

मी म्हणालो, "तुम्ही याला न्यायचं म्हणाल तर आम्हाला अडवायचं तोंड नाही."

"कायले नेऊ?" तो म्हणाला. "पयते तं आमचा गोऱ्हा बी, गुरुजी. त्याच्यासाठी नाही ठेवत मी याले. एवढ्याशा येळाचा हिसाब माणूस कसा ठेवते, थे शिकवा याले."

पोरगा मॅट्रिक झाला. जिल्ह्याच्या शर्यतीत तो चौथा आला होता, अकरा सेकंद आणि तीन पंचमांश. हे मला नक्की ठाऊक आहे, कारण घड्याळ माझ्या हातात होतं.