शेवंतीच्या जागी

क्योतोत सकाळपासून देवळं पाहून पाय बोलायला लागले, तेव्हा आम्ही मिठाई शिकवणाऱ्या एका बाईंकडे जाऊन बसलो. घेवड्याच्या गोड पुरणाची शेवंती करायची होती. बाई शिस्तीच्या, त्यामुळे मी जीव ओतला, तरी माझ्या फुलाचा बटाटेवडा झाला. बायको खिडकीबाहेरचा लाल मेपल बघत होती आणि तिची बोटं आपल्याच नादात कळ्या पाडत होती. बघतो तर ताटलीत मोदक. माणूस कुठेही जातो, बोटं मात्र माहेर सोडत नाहीत.

"अगं, शेवंती करायची होती," मी कुजबुजलो.

बाईंनी मोदक चहूबाजूंनी न्याहाळला आणि मोबाईलवरून भाषांतर करून विचारलं, "हे कुठलं फूल?"

"आमच्याकडचं आहे," बायको म्हणाली. "भाद्रपदात फुलतं."