चार फूट फरशीची चोरी

सर्व सुज्ञ वाचकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, भिलाईत एकदा चार फूट फरशी चोरीला गेली होती. हसू नका. उखडलेल्या लाद्यांची गोष्ट नाही ही. भर गोदामातली जमीनच गेली होती, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. पोलीस खात्यात हयात काढली, खून पाहिले, दरोडे पाहिले. पण ही घटना आठवली की आजही मला खुर्चीत बसून सांगता येत नाही, उठावंच लागतं.

पोलादाचा कारखाना तेव्हा उभा राहत होता. जिकडे पाहावं तिकडे लाल धूळ, नव्या क्वार्टरांच्या रांगा आणि रशियन साहेबांच्या गाड्या. आमचं ठाणं म्हणजे पत्र्याची शेड. दुपारी आत आरोपी आणि पोलीस सारखेच भाजून निघत. मी नवाकोरा फौजदार होतो, मिशाही नुकत्याच वळायला लागल्या होत्या.

एका ठेकेदाराच्या लांबलचक गोदामातून तांब्याच्या तारेची भेंडोळी गायब झाली. कुलूप शाबूत, छत शाबूत, खिडकी नाहीच. दार एकच आणि त्या दारावर चौकीदार. मग काय, चौकीदाराला उचलला. गोंदियाकडचा शेतकरी गडी, कारखान्याच्या आशेने बायकोला घेऊन आलेला.

"मले कावून धरून राहिले साहेब? मी दारातून काडी नाही जाऊ देली!"

"मग तार काय उडून गेली?"

"ते तुमी पाहा ना. पोलीस तुमी हाव का मी?"

हवालदार तोंड फिरवून हसला. मी मात्र विचारात पडलो. खोटं बोलणारा माणूस आपणहून चोरीची वाट दाखवतो. पत्र्यातून नेली असेल, रात्री कुणी किल्ली केली असेल, असं काहीबाही सुचवतो. हा गडी एकही वाट सुचवत नव्हता. दारातून काही गेलं नाही, एवढंच त्याचं पालुपद.

बाहेर त्याची बायको बसून होती. म्हणाली, "क्वार्टरची चाबी कालच भेटली आमाले साहेब. अजून चूल नाही पेटवली. यांची नोकरी गेली तं चाबी बी जाईन."

दुसऱ्या दिवशी त्याला दुर्गच्या न्यायालयात उभं करायचं होतं. तिथली पायरी चढला की ठेकेदार कामावरून काढणार, हे उघड होतं. आमचे ठाणेदार तर कागद तयार करूनच बसले होते.

इतक्यात दारात अवतरले मोजणीसाहेब! डोक्यावर हॅट, हातात पोलादी फीत, चेहरा जमदग्नीचा. ते गोदाम रेशन दुकानासाठी घ्यायचं ठरत होतं, म्हणून आतल्या फरशीचं क्षेत्रफळ मोजायला त्यांना पाठवलं होतं. टेबलावर फीत आपटून ते गरजले, "तक्रार लिहून घ्या. जमीन चोरीला गेली आहे!"

हवालदाराने दौत सरकवली आणि माझ्याकडे पाहिलं. मी मोजणीसाहेबांना पाणी दिलं.

प्रकार असा होता. साहेबांनी आधी गोदाम बाहेरून मोजलं, त्यातून दोन्हीकडच्या भिंतींची जाडी आणि गिलावा वजा केला. मग आतून मोजलं. आतली लांबी चार फूट कमी भरली. ठेकेदाराचा मुनशी शेजारी उभा होता. तो म्हणाला, "साहब, आपका फीता धूप में फैल गया होगा।"

"मला म्हणतो फीत वाढली!" साहेब थरथरत होते. "अहो, उन्हाने पोलादी फीत केसभर वाढते, चार फूट नाही! मी फीत ताणून, सपाटीत धरून, भिंतीच्या खडबडीपासून वर उचलून मोजतो. एकदा नाही, उलटसुलट मोजतो. माझं माप चुकलेलं नाही. तेव्हा इमारतच चुकलेली आहे!"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दारातून काही गेलं नव्हतं! चौकीदार अक्षरशः खरं बोलत होता! मी टोपी घातली, साहेबांना जीपमध्ये जवळजवळ ढकललंच आणि निघालो.

तुम्ही म्हणाल, चार फूट कमी झालेले कुणाला दिसले कसे नाहीत? आता बसल्या जागेवरून सांगा बरं, तुमचं स्वतःचं माजघर किती लांब आहे? बघा! आणि हे तर मांडण्यांनी भरलेलं अंधारं गोदाम.

साहेबांनी आत जाऊन एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी फीत लावली, मग दुसरीकडून लावली. काटकोन तपासायचा गुण्या चारही कोपऱ्यांना लावून पाहिला. दाराकडचा एक कोपरा फाकलेला, दुसरा आवळलेला, दोन्ही घाईत बांधलेले. टोकाकडचे दोन्ही कसे नेमके काटकोनात! साहेब कुजबुजले, "फौजदार, या अख्ख्या इमारतीत ती एकच भिंत सरळ आहे. मला तिचा संशय येतो."

मी भिंतीवर काठी वाजवली. पोकळ! पंच बोलावले, चार विटा काढल्या, बॅटरी मारली. तांबं लखलखलं! सगळी भेंडोळी होती तिथेच रचलेली. कुणी त्यांना बोटही लावलं नव्हतं. माल हललाच नव्हता, भिंत त्याच्यापुढे येऊन उभी राहिली होती. गिलाव्याच्या दुरुस्तीच्या वेळी, धूळ उडते म्हणून ताडपत्री टांगून, तिच्याआड कुणीतरी ती रचली होती. पुढे सवडीने मागच्या बाजूने विटा काढायच्या आणि माल न्यायचा, असा बेत.

पण ठाणेदार अडून बसले. "चौकीदार सामील असल्याशिवाय भिंत उभी राहते काय? बांधणारा आणा, नाहीतर उद्या हाच दुर्गला जाईल." दुरुस्तीला तीन गवंडी होते. तिघांनाही आणवलं. तिघेही एका सुरात, "आमाले नाही माहीत."

माणसांबद्दल या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली, ती पुढे प्रत्येक चौकशीत कामी आली. चोर चोरी लपवू शकतो. भूक लपवतो, भीती लपवतो, नातं लपवतो. पण ज्या कामासाठी गाव त्याला ओळखतं, ते काम त्याच्या देखत कुणी नासकं ठरवलं, तर त्याची जीभ त्याच्या हातात राहत नाही. दरडावून जे निघत नाही, ते तिथून निघतं. आणि माप घेणारा माणूस हट्टी असेल तर त्याला चहा पाजावा, हाकलू नये.

बांधणारा सापडला आणि चौकीदार त्याच संध्याकाळी सुटला. ठाणेदारांनी स्वतः ठेकेदाराला निरोप धाडला, नोकरी राहिली, आणि त्यांच्या क्वार्टरात चूल पेटली. पहिला चहा मी आणि मोजणीसाहेबांनी प्यायला. साहेबांनी कप खाली ठेवून स्वयंपाकघर मोजायला घेतलं, ते वेगळं.

पण हे सारं ज्या एका वाक्याने झालं, ते मी मुद्दाम राखून ठेवलंय. तिन्ही गवंड्यांना त्या भिंतीसमोर उभं केलं होतं. मी मोजणीसाहेबांच्या कानात म्हटलं, "मोठ्याने सांगा, भिंत वाकडी आहे."

साहेब ताठ झाले. "खोटं माप मी देवासमोरही सांगणार नाही."

मग मीच पुढे झालो. भिंतीवर काठी टेकवली, तोंड वाकडं केलं आणि नाटक कंपनीतल्या राजासारखा ओरडलो, "काय ही भिंत! पोट सुटलंय, इकडे कललीय. कुण्या शिकाऊ पोराने रचली असेल!"

दोघे गवंडी खाली पाहत राहिले. तिसरा, बोरसीहून सायकलने येणारा, पांढऱ्या मिशांचा, लालबुंद झाला. त्याने ओठ आवळून पाहिले, मान फिरवून पाहिली. मी पुन्हा म्हटलं, "वाकडीच!"

तो दोन ढांगांत भिंतीपाशी आला आणि तिच्यावर तळहात मारून ओरडला, "वाकडी? माह्या हातची भिंत वाकडी? लावा न साहेब ओळंबा!"