चिमूटभर खार

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. लोणारच्या बाजारात एक बाई तळ्याचा खार विकायला बसायची. डाव्या हातानं पदर कानाशी घट्ट धरलेला, बाकी सगळं काम उजव्या हातानं. राठ केस मऊ व्हावेत म्हणून बाया न्हाताना तो खार लावायच्या. गिऱ्हाइकाचा केस ती बोटांत चोळून पाही. मग कानामागं नखाची हलकी रेघ ओढून कातडी किती लाल होते ते बघे, आणि त्या मानानंच पुडी बांधे.

मला बघायला पाहुणे येणार होते. माझे केस म्हणजे काथ्या. माझ्या कानामागं बघून ती आईला म्हणाली, “केस राठ हायेत, पण कातडी लई नाजूक. दह्यात एक चिमूट, बस.”

“चिमटीनं काय होते वं? मूठभर दे.”

त्या बाईनं पदर सोडला. कानाच्या वरच्या बाजूला केस नव्हतेच, नुसती गुळगुळीत, चकाकती कातडी.

“माह्या मायनंही मूठभरच घेतला होता,” ती म्हणाली.

आईनं चिमटीची पुडी घेतली. पुढच्या दुकानात तिनं मूठभर खार मागितला.

पदर कानाशी धरायची माझी सवय तेव्हापासूनची.